जमनालाल बजाज यांना ‘दानशूर’ म्हणणे पुरेसे नाही

एखाद्या उद्योगपतीने रुग्णालयाला किंवा विद्यापीठाला मोठी देणगी दिली की आपल्याकडे हमखास जमनालाल बजाज यांची आठवण काढली जाते, आणि ‘दानशूर’ या एका विशेषणात त्यांना बसवून चर्चा पुढे सरकते. मला हे विशेषण त्यांच्यासाठी फार तोकडे वाटते. सढळ हाताने देणारे धनिक त्यांच्या आधीही होते आणि नंतरही झाले. जमनालालजींनी मात्र पैशाबरोबर सरकारदरबारची मर्जी, जातीतली पत आणि घरचे स्वास्थ्यही पणाला लावले.

४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानातल्या सीकरजवळच्या काशी का बास या लहानशा गावी जन्मलेल्या या मुलाला वर्ध्याचे धनाढ्य कापूसव्यापारी बच्छराज बजाज यांनी लहानपणीच नातू म्हणून दत्तक घेतले. शाळा फारशी झाली नाही. पेढीवरच ते घडले. टिळकांच्या ‘केसरी’ची हिंदी आवृत्ती नागपुरातून निघणार होती तेव्हा या पोराने हातखर्चातून साठवलेले शंभर रुपये देऊ केले होते. सतरा वर्षांचे असताना एका लग्नाला दागिने घालून जाण्यावरून आजोबांशी खटका उडाला. आजोबांनी श्रीमंतीचा टोमणा मारला, तेव्हा ‘तुमच्या संपत्तीवर माझा काहीही हक्क नाही’ अशा आशयाचे पत्र लिहून जमनालाल घराबाहेर पडले. समजूत काढून त्यांना परत आणले गेले आणि आजोबांच्या पश्चात सगळी मालमत्ता त्यांच्याकडेच आली. पण जो पैसा आपण एकदा लेखी सोडला तो आपण केवळ सांभाळायचा, ही भावना त्यांनी जन्मभर जपली. श्रीमंताने आपली संपत्ती समाजाची ठेव मानून सांभाळावी, ही गांधीजींची विश्वस्ततेची कल्पना त्यांना पुढे इतकी जवळची का वाटली, याचे उत्तर मला या पत्रात दिसते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात सरकारने त्यांना ‘रायबहादूर’ केले होते. १९२० च्या नागपूर काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष झाले, तिथेच त्यांनी गांधीजींना ‘मला तुमचा पाचवा मुलगा माना’ अशी गळ घातली, आणि असहकाराच्या चळवळीत तो किताब परत केला. वकिली सोडून चळवळीत उतरणाऱ्यांच्या निर्वाहासाठी त्यांनी एक लाख रुपये दिले. त्या काळचे एक लाख! काँग्रेसचे खजिनदारपदही याच सुमारास त्यांच्याकडे आले. व्यापारी माणसाला सरकारशी वाकडे घेणे किती महाग पडते, हे पेढीवर वाढलेल्या जमनालालजींना कोणी सांगायला नको होते. तरीही १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहाचे नेतृत्व करून त्यांनी दीड वर्षाची शिक्षा ओढवून घेतली, १९३० मध्ये विलेपार्ल्याच्या मिठाच्या सत्याग्रहाच्या छावणीतून पुन्हा तुरुंगात गेले, आणि १९३९ मध्ये जयपूर संस्थानाने घातलेली प्रवेशबंदी मोडून तिथेही स्थानबद्धता भोगली.

तरी मला त्यांच्या आयुष्यातले सर्वांत अवघड पाऊल तुरुंगाचे वाटत नाही. तुरुंगातून सुटणाऱ्याच्या गळ्यात लोक हार घालत होते. जुलै १९२८ मध्ये वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले केले, तेव्हा गळ्यात हार पडण्याची शक्यता नव्हती. हे मंदिर बजाज घराण्याचे, आजोबांच्या पुण्याईचे. आणि विरोध करणारे परके नव्हते, आपल्याच जातीतले, रोजच्या देवघेवीतले लोक होते. ज्या समाजात सोयरिक आणि व्यापार हातात हात घालून चालतात, तिथे जातीचा रोष थेट पेढीपर्यंत पोहोचतो. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह आदल्याच वर्षी झाला होता, आणि नाशिकचे काळाराम मंदिर उघडावे म्हणून बाबासाहेबांच्या अनुयायांना १९३० पासून वर्षानुवर्षे झगडावे लागले, हे लक्षात घेतले म्हणजे वर्ध्यातल्या निर्णयाचे वजन कळते. त्याच वेळी हेही कबूल करायला हवे की ते दार आतून उघडले गेले, कारण किल्ली उघडू इच्छिणाऱ्याच्या हाती होती. नाशिकला ती तशी नव्हती.

विश्वस्ततेच्या संपूर्ण कल्पनेवरचा माझा आक्षेप नेमका हाच आहे. संपत्तीचे विश्वस्त होण्याविषयी आपण लिहीत असू तेव्हा मुख्यतः जमनालालच डोळ्यांपुढे असत, असे गांधीजींनी त्यांच्या मृत्यूनंतर लिहिले. भक्तांना ही स्तुती वाटते. मला त्यात त्या विचाराची मर्यादाही दिसते, कारण एवढा मोठा सिद्धान्त मुख्यतः एका माणसाच्या आधारावर उभा राहत असेल, तर तसा माणूस नसलेल्या गिरणीतल्या कामगाराने कोणाकडे पाहायचे? मालकाची सदसद्विवेकबुद्धी हा काही कामगाराचा हक्क होऊ शकत नाही. आपल्या संसदेलाही हे उमगले असावे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायला सांगितली, ती विवेकावर विसंबून राहता येत नाही म्हणूनच.

जमनालालजींनी उभे केलेले मात्र या आक्षेपाने लहान होत नाही. सत्याग्रहाश्रमाच्या निमित्ताने विनोबा वर्ध्याला आले. १९३४ मध्ये गांधीजी आले आणि मगनवाडीची बाग ग्रामोद्योग संघाला मिळाली. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला राहायला गेले, ते गाव म्हणजेच पुढचे सेवाग्राम. स्वतः जमनालालजी अखेरच्या काळात गोसेवेत रमले, गोपुरीच्या साध्या झोपडीत राहिले, आणि ११ फेब्रुवारी १९४२ रोजी बावन्नाव्या वर्षी गेले. पत्नी जानकीदेवींनी त्यांचे गोसेवेचे काम पुढे नेले आणि नंतर विनोबांच्या भूदानाला जोडून विहिरींच्या दानाची, म्हणजे कूपदानाची मोहीम चालवली. त्यांच्यावर खरे तर स्वतंत्र लिहायला हवे.

आज उद्योगपती आणि राजकारण हे शब्द एकत्र आले की मनात पहिल्यांदा निवडणूक रोख्यांचा, म्हणजे देणाऱ्याचे नाव जाहीर न होता पक्षांना देणगी देण्याच्या योजनेचा, विचार येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती योजना १५ फेब्रुवारी २०२४ रोजी एकमताने घटनाबाह्य ठरवली, आणि त्यानंतरच कोणी किती रोखे घेतले व कोणत्या पक्षाने किती वटवले हे मतदारांना कळू लागले. जमनालालजीही राजकारणालाच पैसा देत होते, तोही वर्षानुवर्षे. काँग्रेसच्या बैठकांना येणाऱ्या पुढाऱ्यांचा मुक्काम त्यांच्याच बजाजवाडीत असे. फरक एवढाच की त्यांची देणगी सत्तेवर असलेल्यांना नव्हती, ती उघड होती, आणि तिची किंमत सरकार त्यांच्याकडून वसूल करीत होते. तेव्हा आजच्या एखाद्या उद्योगपतीला कोणी ‘आजचे जमनालाल’ म्हणाले, तर त्याने किती दिले हे मी विचारणार नाही. कोणाला दिले, उघडपणे दिले का, आणि देण्यामुळे त्याचे काय गेले, हे विचारीन.