‘रिपीटरांसाठी दहा कटू सत्यं’: दाजी, हे पुढे पाठवू नका

२०२५ च्या नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल १४ जूनला लागला, आणि आठवडा व्हायच्या आत ‘रिपीटरांसाठी दहा कटू सत्यं’ हा मेसेज बेळगाव, खानापूर, निपाणी असा सगळीकडे फिरून आमच्या घरच्या ग्रुपवर येऊन पडला. खाली सही ‘एक ज्येष्ठ शिक्षणतज्ज्ञ’. नाव नाही, गाव नाही, पण मोबाईल नंबर आहे आणि ‘निवासी शिबिरात मोजक्याच जागा शिल्लक’ ही ओळ आहे. आमच्या दाजींनी तो टाकला आणि वर लिहिलं, ‘वाच गं बाई, डोळे उघडतील.’ ज्या पोरीसाठी लिहिलं ती माझी भाची. तिने मला रात्री फोन करून विचारलं, “मावशी, म्हणजे आता माझे तीनच चान्स राहिले काय?” मी पीयू कॉलेजात, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, केमिस्ट्री शिकवते. हे ऐकून गप्प बसणं मला जमलं नाही.

तिला घाबरवणारा मुद्दा पहिलाच होता: ‘सरकारचा नवा नियम, नीट आयुष्यात चारच वेळा देता येते.’ खोटं आहे. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही. २५ वर्षांची वरची वयोमर्यादा होती, तीही मार्च २०२२ मध्ये काढली. मग हा चारचा आकडा आला कुठून? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांत आहे तो, पण तो एमबीबीएसला प्रवेश मिळाल्यानंतरचा आहे: पहिल्या वर्षाची परीक्षा चार प्रयत्नांत पास व्हायची आणि अख्खा कोर्स नऊ वर्षांच्या आत संपवायचा. दारातून आत गेलेल्यांचा नियम कुणीतरी उचलून दाराबाहेरच्या पोरांच्या डोक्यावर आपटलाय.

‘रिपीटरचे मार्क कापतात’ हा दुसरा. इथे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं की एकदा तसं झालं होतं. नीटमध्ये नव्हे, कर्नाटकाच्या सीईटीत. २०२१ साली कोरोनामुळे सेकंड पीयूची परीक्षाच झाली नाही, आधीच्या मार्कांवरून सगळ्यांना पास केलं. २०२२ ला त्यातली हजारो मुलं पुन्हा सीईटीला बसली, तेव्हा इंजिनिअरिंगच्या रँकसाठी त्यांचे पीयूचे मार्क धरायलाच केईएने, म्हणजे सीईटी घेणाऱ्या कर्नाटकाच्या परीक्षा प्राधिकरणाने, नकार दिला. प्रकरण हायकोर्टात गेलं आणि शेवटी त्या बॅचचे प्रत्येक विषयात सहा मार्क वजा करून बाकीचे धरायचे, असा तोडगा निघाला. एका बॅचचा, एका साथीच्या वर्षाचा हा विषय. नीटच्या रँकला पीयूचे मार्क लागतच नाहीत, ते फक्त पात्रतेपुरते बघतात. आणि पीयूचेच मार्क कमी असतील तर २०२४ पासून आपल्याकडे वर्षात एकाहून जास्त परीक्षा होतात, त्यातले जास्तीचे मार्क राहतात. मेसेजात याचा उल्लेख कशाला असेल? त्याने शिबिराच्या जागा भरत नाहीत.

‘६५० च्या खाली मार्क म्हणजे पोरगं मेडिकलच्या लायकीचं नाही’ यावर फार लिहीत नाही. २०२४ ला पैकीच्या पैकी ७२० मिळवणारे होते. २०२५ ला फिजिक्सने सगळ्यांना लोळवलं आणि देशात पहिल्या आलेल्याला ६८६ पडले. जनरलची पात्रतेची रेघ १६२ वरून १४४ वर आली. एका वर्षाच्या मार्कांची दुसऱ्या वर्षाच्या मार्कांशी तुलना करणाऱ्याला आधी रँक म्हणजे काय ते शिकवायला पाहिजे.

‘शंका आली की प्रश्न सोडा, निगेटिव्हने करिअर बुडतं.’ हे मी क्लासच्या मास्तरांकडूनही ऐकलंय. म्हणून गणितच मांडते. बरोबर उत्तराला ४, चुकीला वजा १. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तरी सरासरीने प्रश्नामागे पाव मार्क जमाच होतो. दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळलं, तर उरलेल्या दोनांत सरासरी दीड मार्क. भाचीचं बुकलेट मी मागवून घेतलं. फिजिक्सच्या ४५ पैकी तिने २४ सोडवले: १३ बरोबर, ११ चूक, म्हणजे ४१ मार्क. कोरे सोडलेल्या २१ पैकी निम्म्या प्रश्नांत तिने काळ्या पेनने दोन-दोन पर्याय खोडले होते आणि मग शेजारी प्रश्नचिन्ह काढून पुढे गेली होती! अशा दहा प्रश्नांचे सरासरी पंधरा मार्क होतात. नशीब वाईट असेल तर कमी पडतील, हे खरं. पण सोडून दिल्यावर शून्य तर पक्काच.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले तो. शब्दशः असा आहे: ‘रिपीटरने टेस्ट देऊ नये, टेस्टने खच्चीकरण होते. पुस्तक वीस वेळा वाचा. झोप चार तास पुरते.’

खच्चीकरण होतं, हे मी नाकारत नाही. कमी मार्क पडलेल्या पोरीला पुन्हा पेपर समोर ठेवला की तिचं तोंड उतरतं. म्हणूनच तिला वाचत बसणं बरं वाटतं. पान ओळखीचं दिसतं आणि ‘येतंय मला’ असं वाटतं. भाचीचं बायोलॉजीचं पुस्तक बघा: चार रंगांचे हायलायटर, कोरी ओळ शोधावी लागते. मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, नेफ्रॉनमध्ये पाणी कुठल्या भागातून बाहेर जात नाही? आकृती डाव्या पानावर वरच्या कोपऱ्यात आहे, हे तिने पटकन सांगितलं. हेन्लेच्या लूपचा चढता भाग की उतरता, इथे मात्र गाडी अडली. (चढता.) पानाचा फोटो डोक्यात पक्का बसलेला, पेपरात विचारतात ते मात्र बसलेलं नाही.

हे माझं एकटीचं मत नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ साली कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला. सगळ्यांना उतारा एकच. एका गटाने तो चार बैठकांत फक्त वाचला. दुसऱ्याने एका बैठकीत वाचला आणि पुढच्या तीन बैठकांत न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने तपासलं तेव्हा पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं, लिहून काढणाऱ्यांना ६१. आणि गंमत म्हणजे, ‘आपल्या लक्षात राहील’ याची खात्री वाचणाऱ्या गटालाच जास्त होती. नीट पाच मिनिटांनी नसते हो दाजी, दहा-अकरा महिन्यांनी असते. वीस वेळा वाचून पोरीला फक्त खात्री येईल, आणि ती खात्री मे महिन्यात हॉलमध्ये फुटेल. एकदा लक्ष देऊन वाचायला हवंच, ते कोण नाकारतंय? पण त्यानंतर पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहायचं, चुकलेलं लाल पेनने दुरुस्त करायचं, दोन दिवसांनी परत विचारायचं.

चार तासांच्या झोपेबद्दल काय बोलणार? दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं होतं तेच झोपेत. त्यातली निम्मी झोप कापून अभ्यास वाढवणाऱ्याला शिक्षणतज्ज्ञ म्हणायचं असेल तर म्हणा. माझ्या वर्गात पहिल्या तासाला जांभया देणारी पोरं मी रोज बघते, त्यांच्याकडून साधं मोलचं गणित होत नाही.

सीमाभागासाठी खास म्हणून आणखी एक मुद्दा घुसडलाय: ‘मराठी मुलांनी मराठी पेपर घ्यावा, बेळगाव केंद्रावर मिळतो.’ मिळत नाही. नीट घेणाऱ्या एनटीएच्या माहितीपुस्तिकेत भाषांचा तक्ताच आहे. इंग्रजी, हिंदी, उर्दू देशभर. मराठी फक्त महाराष्ट्रातल्या केंद्रांवर, कन्नड कर्नाटकातल्या. खानापूरच्या पोराने फॉर्मात मराठी टाकली की त्याला कोल्हापूरसारखं केंद्र घ्यावं लागतं. जायचं असेल तर जा, पण ठरवून जा. मे महिन्यातल्या परीक्षेला आदल्या दिवशी मुक्काम, नवं शहर, नवी जागा, याचा हिशेब घरात आधी करा. भाषांतरात घोळ झाला तर इंग्रजी प्रश्नच शेवटचा मानतात, हेही त्याच पुस्तिकेत आहे. पीयूची दोन वर्षं इंग्रजीतून काढलेल्या पोराने मराठी निवडण्याआधी जुना पेपर दोन्ही भाषांत सोडवून बघावा.

मोबाईल विहिरीत टाका, मित्र तोडा, सणावाराला घरी जाऊ नका, हे मधले मुद्दे मी सोडून देते. रिपीट करायचं की नाही हे अजून आमच्या घरात ठरलेलंही नाही. केईएचं कौन्सेलिंग व्हायचंय, आयुर्वेदाच्या जागाही नीटवरच भरतात, आणि तिच्या रँकला काय मिळतं ते बघूनच ती बोलेल.

दहावा मुद्दा मात्र मला मान्य आहे: ‘नातेवाइकांना मार्क सांगू नका.’