‘लपवण्यासारखं काही नाही’ म्हणणाऱ्या मेसेजची उलटतपासणी

कोल्हापुरातल्या डीटीपी, प्रेस आणि वर्कशॉपवाल्यांच्या ग्रुपांत सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. वर ‘कॉम्प्युटरवाल्यांनो, हे वाचाच’, खाली ‘पटलं तर पुढं ढकला’, आणि मध्ये सल्ल्यांची माळ. लिहिणारा अडाणी नाही. दोन-चार गोष्टी त्यानं बरोबर सांगितल्यात आणि पंचाईत तिथंच आहे, कारण त्यांच्या आडून बाकीच्याही खपून जातात. प्रेस आणि फौंड्र्यांचे कॉम्प्युटर सांभाळणं हाच माझा धंदा, त्यामुळं ‘हे खरं काय हो?’ म्हणून तो माझ्याकडं सारखा येतोय. एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. मुख्य आक्षेप आधीच सांगतो: हा मेसेज दर वेळी ‘सेफ आहे का?’ एवढंच विचारतो. आपली फाईल, आपला कॉम्प्युटर, आपला पासवर्ड कुणाच्या हातात जातोय, हे त्यात एकदाही विचारलेलं नाही.

पहिला सल्ला: ‘क्रॅक बिनधास्त वापरा, कंपन्या गडगंज आहेत, त्यांचं काय जातंय? अँटिव्हायरस ओरडला तर बंद करा. तो क्रॅकला मुद्दाम व्हायरस म्हणतो.’

क्रॅक म्हणजे पैसे न भरता चालावं म्हणून लायसन्सचं कुलूप फोडलेलं सॉफ्टवेअर. कंपनीचं काय जातंय ते कंपनी बघेल. तुमचं काय जातंय ते बघू. क्रॅकच्या झिपमध्ये बहुतेक वेळा एक रीडमी फाईल असते, ती कधीतरी सावकाश वाचा. त्यात असतं: नेट बंद करा. अँटिव्हायरस बंद करा, किंवा हा फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळा. मग झिपमधल्या ‘पॅच’ फाईलवर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’. आता सॉफ्टवेअरचं नाव झाकून याच ओळी पुन्हा वाचा. तोंडही न बघितलेल्या माणसाची फाईल पहारा उठवून, मालकाच्या अधिकारानं चालवा, एवढंच त्यात लिहिलंय. अँटिव्हायरसचा इशारा कधीकधी खोटा असतो, हे मान्य. लायसन्स मोडायचं हत्यार म्हणूनही तो कीजेन (खोटी लायसन्स-की बनवणारा प्रोग्रॅम) पकडतो. पण खरा इशारा कुठला आणि खोटा कुठला हे सांगणारंच तुम्ही आधी बंद करून बसलेला असता.

स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाचं रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) 2018 पासून पसरलं ते मुख्यतः क्रॅक आणि कीजेनमधूनच. प्रत्येक फाईलच्या नावामागं नवं शेपूट लागतं आणि फोल्डरात पैसे मागणारी चिठ्ठी येऊन पडते. 2019 मध्ये एमसिसॉफ्ट या कंपनीनं त्यातल्या बऱ्याच जुन्या प्रकारांवर फुकट उतारा काढला, पण नंतरच्या प्रकारांवर तो बहुतेक वेळा चालत नाही. रॅन्समवेअर आलेलं कळतं तरी. पासवर्डचोर प्रोग्रॅम मुकाट्यानं येतो, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि चालू लॉगिनच्या खुणा (कुकीज) उचलतो आणि जातो. आपल्याकडं ज्या कॉम्प्युटरवर पत्रिका सेट होते, त्याच कॉम्प्युटरवर जीएसटीचं आणि बँकेचं लॉगिन असतं. तेव्हा एका फॉन्टपॅकच्या हौसेपायी काय पणाला लागतं, ते तुम्हीच बघा.

क्रॅक विंडोजचं आणखी एक दुखणं आहे. ‘अपडेट मारलं की ॲक्टिव्हेशन उडतंय’ म्हणून फॉरमॅट मारून देणारा पोरगा जातानाच अपडेट बंद करून जातो. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर जगभर पसरलं ते ऑफिसातल्या ऑफिसात एकमेकांच्या फायली उघडायच्या विंडोजच्या जुन्या सोयीतल्या भोकातून. त्यावरचा पॅच (भोक बुजवणारं अपडेट) मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच, दोन महिने आधी दिलेला होता. तो ज्यांनी घेतला होता, त्यांच्या मशीनमध्ये त्या भोकातून काही शिरलं नाही.

कायद्याबद्दल मेसेज म्हणतो, ‘घरगुती वापराला कोण विचारतंय?’ पण आपण बोलतोय दुकानाबद्दल. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 63 बी खास कॉम्प्युटर प्रोग्रॅमसाठी आहे: जाणूनबुजून चोरीची प्रत वापरली तर कमीत कमी 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. कैदेतून सूट देण्याची मुभा न्यायालयाला आहे, पण ती वापर नफ्यासाठी किंवा धंद्यात नसेल तर. पत्रिका आणि डिजिटल बोर्ड करून पोट भरणाऱ्याला ती पळवाट नाही.

पुढचा सल्ला: ‘फुकटातलं ओपन सोर्स घेऊ नका. त्याचा कोड सगळ्यांना उघडा, म्हणजे हॅकरलाही उघडा.’

म्हणजे फुकटातला क्रॅक चालतो आणि फुकटातलं कायदेशीर सॉफ्टवेअर चालत नाही! हा मेसेज ज्या अँड्रॉइड फोनवरून ढकलला जातोय, त्याच्या तळाशी लिनक्स ही ओपन सोर्स प्रणालीच आहे. निवडणुकीच्या सभेपासून मुंजीपर्यंतचे व्हिडिओ आपण ज्या व्हीएलसीत बघतो, तो पॅरिसच्या इकोल सेंत्राल कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून उभा राहिला आणि त्याचा कोड 2001 पासून उघडा आहे.

तरी या आक्षेपात थोडं तथ्य आहे, ते मेसेजवाल्यापेक्षा मीच नीट सांगतो. ‘एक्सझेड’ नावाची फायली आवळणारी छोटी लायब्ररी लिनक्समध्ये सगळीकडं असते. कुणीतरी दोनेक वर्षं त्या प्रकल्पात निमूट काम करून विश्वास कमावला आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. मार्च 2024 मध्ये तो सापडला, कारण आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला आपलं सर्व्हर लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय हे खटकलं. तो खणत गेला आणि कोड उघडा असल्यामुळं तळाशी पोचला. बंद कोडमध्ये असला अर्धा सेकंद कुणाला खटकला असता, तर त्याला कंपनीला ईमेल करून वाट बघावी लागली असती. उघड्या कोडमध्ये चोर शिरू शकतो, हे यातून दिसलं. तो सापडला कसा, हेही दिसलं.

खरी अडचण वेगळीच आहे आणि मेसेजमध्ये तिचं नावही नाही. कोरल या डिझाइनच्या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या जुन्या पत्रिका इंकस्केप या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये जशाच्या तशा उघडत नाहीत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर दुसरीकडं नेला की अक्षरांची भुकटी होते. दहा वर्षांचं जुनं काम ज्यांच्याकडं आहे त्यांनी एक कोरल विकत घ्यावं, हा माझा सरळ सल्ला. पण कोटेशन, पत्रं, हिशेबाचे तक्ते यांना लिबरऑफिस हे फुकट, ओपन सोर्स पॅकेज पुरतं. त्यासाठी क्रॅक ऑफिस टाकायचं कारण मला तरी दिसत नाही.

मग टोरंट. ‘टोरंट टाकलं की पोलीस केस’ असं मेसेज म्हणतो. क्रॅक बिनधास्त आणि टोरंट गुन्हा! ब्रॅम कोहेननं 2001 मध्ये बिटटोरंट आणलं ते मोठी फाईल तुकड्यातुकड्यानं अनेकांकडून घ्यायची पद्धत म्हणून. पद्धत बेकायदा नाही. लिनक्सच्या कितीतरी आवृत्त्या अधिकृतपणे टोरंटनं मिळतात, इंटरनेट आर्काइव्हही टोरंट देतं. नवा सिनेमा उतरवला तर भानगड सिनेमाची. एवढं मात्र ध्यानात ठेवा, की टोरंट चालू असताना तुमचा आयपी पत्ता (नेटवरचा तुमचा नंबर) त्या फाईलवरच्या बाकी सगळ्यांना दिसतो आणि उतरवता उतरवता तुम्ही ती वाटतही असता.

‘व्हॉट्सॲपला एंड-टू-एंड कुलूप आहे. आधार, पॅन, ड्रॉइंग, काहीही पाठवा.’ यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

कुलूप आहे. एप्रिल 2016 पासून आहे आणि चांगलं आहे. वाटेत कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही. पण पोस्टमननं पाकीट फोडलं नाही म्हणून पाकीट ज्याच्या टेबलावर पडलं त्यानं ते ड्रॉवरमध्ये ठेवलं असं होत नाही. ॲडमिशनच्या दिवसांत राजारामपुरीतल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात उभे राहा. मॉनिटर गिऱ्हाइकाकडं तोंड करून, त्यावर व्हॉट्सॲप वेब उघडं. डावीकडं सेव्ह न केलेल्या नंबरांची रांग. ‘दादा, पाठवलंय बघा’ म्हटलं की दादा क्लिक करतात, फाईल डाउनलोडच्या फोल्डरात उतरते, प्रिंट निघते, दहा रुपये दिले की पुढचा. तो फोल्डर उघडा दिसला तर नजर टाका: आधार पुढची बाजू, आधार मागची बाजू, जातीचा दाखला, सातबारा, पासबुकाचं पहिलं पान, कुणाच्या तरी सोनोग्राफीचा रिपोर्ट. महिनोन्‌महिने तसंच पडून. दुकानदाराच्या मनात पाप नसतं, त्याला पुसायला वेळ नसतो. आणि त्याच कॉम्प्युटरवर वर सांगितलेला क्रॅक असला, तर ते सगळं आणखी कुणाच्या हातात गेलं याचा पत्ता ना त्याला लागतो ना तुम्हाला.

यावर करता येण्यासारखं बरंच आहे. आधारच्या साइटवरून मास्क्ड आधार उतरवता येतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. जिथं चालतं तिथं तेच द्या. प्रिंट झाली की ‘दादा, चॅट आणि डाउनलोड दोन्हीतून उडवा’ म्हणा. राग येत नाही कुणाला, मी रोज म्हणतो. चॅटचा बॅकअप गुगल ड्राइव्हवर जात असेल, तर त्याला वेगळं कुलूप लावायची सोय 2021 पासून आहे, पण ती आपणहून चालू करावी लागते. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तो कुठं काढला त्याची नोंदही सोबत जाऊ शकते. आणि कुलपाचा माणसाच्या हेतूशी संबंध नाही. लग्नसराईत ‘पत्रिका’ म्हणून येणारी .एपीके (अँड्रॉइड ॲप बसवायची) फाईलही त्याच कुलपातून सुखरूप पोचते. पत्रिका पीडीएफ असते, फोटो असतो, फार तर व्हिडिओ असतो. ती इन्स्टॉल करावी लागत नाही.

वर्कशॉपवाल्यांसाठी थोडं वेगळं. शिरोलीत काय, उद्यमनगरात काय, ऑफिसातून सीएनसी मशीनपर्यंत हाकेचं अंतर, पण ड्रॉइंग जातं व्हॉट्सॲपच्या सर्व्हरमार्गे लांबचा वळसा घालून, आणि मग ऑपरेटरच्या खासगी फोनमध्ये मुक्काम करतं. तो नोकरी सोडून गेला की ड्रॉइंगही गेलं. पूर्वी फाईल थेट पाठवायला शेअरइट आणि झेंडर ही ॲप होती, त्यांच्यावर सरकारनं जून 2020 मध्ये बंदी घातली. आता लोकलसेंड नावाचं फुकट, ओपन सोर्स ॲप आहे. एकाच वायफायवर असलेल्या दोन मशीनमध्ये फाईल थेट जाते, बाहेर पडत नाही.

‘इनकॉग्निटो किंवा फुकट व्हीपीएन लावा, कुणालाच दिसत नाही’ हा सल्ला दोन ओळींत निकालात काढण्यासारखा आहे. इनकॉग्निटोत तुमच्याच कॉम्प्युटरवर हिस्टरी राहत नाही, इतकंच. साइटला आणि नेट पुरवणाऱ्याला तुम्ही दिसू शकता, आणि हे क्रोम स्वतःच त्या काळ्या पानावर सांगतं. याच गैरसमजावरून गुगलवर अमेरिकेत 2020 मध्ये दावा झाला आणि 2024 च्या तडजोडीत कंपनीनं साठवलेल्या नोंदी पुसायचं कबूल केलं. व्हीपीएन म्हणजे तुमचं नेट दुसऱ्या कुणाच्या तरी सर्व्हरमधून फिरवणारी सेवा; फुकट व्हीपीएन लावलं की नेटवाल्याऐवजी व्हीपीएनवाला बघतो. त्याला ओळखता का तुम्ही? शिवाय ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवा असा आदेश सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं एप्रिल 2022 मध्ये काढला, त्यावर काही मोठ्या व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच हलवले.

‘क्लाउडवर भरवसा नको, सगळं पेनड्राइव्हवर ठेवा’ हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पण 2019 चा ऑगस्ट आणि 2021 चा जुलै आठवा. पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, पाणी दोन्ही वेळा 55 फुटांच्या पुढं गेलं, व्हीनस कॉर्नर पाण्यात. दुकानातला कॉम्प्युटर आणि त्याच टेबलाच्या खणातला पेनड्राइव्ह एकाच पाण्यात भिजतात. एक प्रत दुसऱ्या भागात पाहिजेच. क्लाउडची भीती वाटत असेल, तर फोल्डर 7-झिप या प्रोग्रॅमनं पासवर्ड घालून बंद करा आणि मग चढवा. कंपनीकडं बंद पेटी जाते, किल्ली तुमच्याकडं राहते. पासवर्ड मात्र विसरू नका, तो कुणीच काढून देणार नाही.

शेवटी मेसेजचं लाडकं वाक्य: ‘ज्याच्याकडं लपवण्यासारखं काही नाही, त्याला भीती कसली?’ हे लिहिणाऱ्यानं खाली स्वतःचं नाव टाकलेलं नाही, ते जाऊ द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 ला, पुट्टस्वामी खटल्यात, खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क वापरायला आधी गुन्हा केलेला असावा लागतो असं त्यात नाही. आणि कोर्टकचेरी सोडा. उद्यमनगरातला कुठला मालक शेजारच्या शेडवाल्याला कास्टिंगचा किलोमागचा दर सांगतो? गुजरीतल्या सराफांत कोण गिऱ्हाइकाची वही काउंटरवर उघडी टाकतो? यात कुणी चोरी करत नसतं, धंदा करत असतं. झेरॉक्सच्या फोल्डरातला सोनोग्राफीचा रिपोर्ट ज्या बाईचा आहे, तिनंही काही गुन्हा केलेला नाही. आणि बाहेरच्या कंपनीकडून तुमच्याकडं येतं त्या ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की परवानगीशिवाय ते कुणाला दाखवू नये. ते लपवायचं की नाही हे ठरवणं तुमच्याकडं नाहीच. ऑर्डर घेतानाच तुम्ही ते कबूल केलेलं असतं.