अनुदान म्हणजे कादंबरी गहाण ठेवणं नव्हे

'लेखनासाठी अनुदान घेतलं की कादंबरीचे हक्क संस्थेकडे जातात आणि काय लिहायचं हेही तीच ठरवते,' असा दावा सध्या फिरतो आहे. तो बहुतांश चुकीचा आहे.

अनुदान आणि प्रकाशन करार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साहित्यिक अनुदानात स्वामित्वहक्क सहसा लेखकाकडेच राहतो. संस्थेला फार तर पुस्तकात ऋणनिर्देश हवा असतो. प्रकाशकाची आगाऊ रक्कम मानधनातून वळती होते, अनुदान तसं होत नाही. काही ठिकाणी हप्ते किंवा प्रगती अहवाल असतात, म्हणून करारपत्र वाचावंच.

अमेरिकेतली गुगेनहाइम फेलोशिप (लेखक, कलावंत आणि अभ्यासकांसाठीचं अनुदान) १९२५ पासून दिली जाते. तिची रक्कम कशी खर्च करायची, यावर बंधन नसतं. अमेरिकन लेखिका झोरा नील हर्स्टन यांना १९३६ मध्ये ती मिळाली, तीही वेस्ट इंडीजमधल्या लोकप्रथांच्या अभ्यासासाठी. हैतीत राहून त्यांनी तो अभ्यास तर केलाच, शिवाय सुमारे सात आठवड्यांत एक कादंबरी लिहून काढली. १९३७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. 'काय लिहायचं ते संस्था ठरवते' म्हणणाऱ्यांनी यावर काय ते सांगावं!

पैशातून मिळतो तो मुख्यतः सलग वेळ. घरभाडं भागतं, जोडकामं काही महिने नाकारता येतात. कादंबरीत हे फार मोलाचं, कारण मोठा खंड पडला की पात्रांचे धागे हातातून सुटतात आणि मागची शंभर पानं पुन्हा वाचावी लागतात. अडलेलं प्रकरण मात्र अनुदानाने सुटत नाही.