ओरिजिनल आहे, काका!

जुनं सिगारेट कार्ड, म्हणजे पाकिटातून मिळायचं ते फोटोचं पुठ्ठ्याचं कार्ड, विकून चार पैसे करायचेत? मी सांगतो तसं करा. अनुभव ताजा आहे, 3,500 रुपयांचा.

नटीचं कार्ड निवडा. बेसबॉल खेळाडूंची कार्डं जमवणारे फार चिकित्सक असतात. 1880 च्या दशकात अमेरिकेत ॲलन अँड गिंटर, ड्यूक, किनी या कंपन्यांनी पाकिटागणिक नट्या वाटल्या, त्यामुळे मालाला तोटा नाही. नाव ठाऊक नसेल तर ‘लिलियन रसेल’ म्हणावं, तेव्हाची गाजलेली अमेरिकन नटी. डोक्यावर मोठी टोपी आहे ना? मग तीच.

लॅमिनेशन अवश्य करा.

इतिहास सांगत बसू नका. मऊ पाकिटात सिगारेटी चेमटू नयेत म्हणून आधी नुसता कोरा पुठ्ठा असायचा. मग बॉन्सॅकचं यंत्र आलं, दिवसाला लाखावर सिगारेटी पाडू लागलं. इतक्या ओढणार कोण? म्हणून पुठ्ठ्यावर बाया आल्या, तंग विजारीतल्या. शेवटी 1894 मध्ये ड्यूकच्या म्हाताऱ्या बापानेच पोराला पत्र लिहिलं, की हे असले फोटो वाटणं बंद कर. एवढं ऐकलं की गिऱ्हाईक प्रश्न विचारतं.

आणि गिऱ्हाइकाच्या हाती भिंग पडू देऊ नका. हे फोटो अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या कागदावर काढून पुठ्ठ्यावर चिकटवलेले. भिंगाखाली सावली सलग दिसते. मी विकत घेतलेल्या कार्डावर ठिपके! बाईच्या गालावर ठिपके, पडद्यावर ठिपके, छपाईचे, रांगेत उभे. कागदाला चहाच्या पाण्याचा वास. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणतो, “वय झालं की ठिपके येतात, काका. माणसालाही येतात.” बरं, मागची बाजू? पांढरीफटक! चहा तिथवर पोचलाच नव्हता. पैसे परत मागितले तर म्हणे, “जुन्या वस्तूत असं असतंच.” अरे, काल छापलेली जुनी?

मग मी विचारलं, प्रिंट कुठून काढलीस? तर मोठ्या अभिमानाने म्हणाला, “मूळ कार्ड माझ्याकडे सेफ आहे ना. लॅमिनेट केलंय.”

मूर्खा! सव्वाशेहून जास्त वर्षं ते कार्ड टिकलं. कुणाच्या तरी खिशात, अल्बममध्ये, माळ्यावर, समुद्र ओलांडून इथवर आलं. आणि तू ते तापलेल्या रोलरमधून काढलंस? झेरॉक्सवाल्याकडे, रेशनकार्डासारखं? मला फसवलंस ते फसवलंस, माझी चूक, मी फोटो पाहून पैसे पाठवले. पण ते आता सुटणार नाही. प्लास्टिक सोलायला गेलास तर बाईचा चेहरा सोबत निघेल. हात लावू नकोस त्याला.