गप्प बसायचं ट्रेनिंग

न मागता सल्ला देणं आमच्या रक्तातच आहे. वडिलांनी एकदा स्वारगेटला साताऱ्याच्या रांगेतल्या अनोळखी गृहस्थांना ओढून कोल्हापूरच्या गाडीत बसवलं होतं. "वाटेत उतरा, लवकर पोचाल." ते कुठे उतरले, देव जाणे. अशा बापाच्या पोराला कंपनीने मार्चमध्ये फर्मावलं: हाताखालच्या अकरा जणांशी त्यांच्या ध्येयांविषयी प्रत्येकी अर्धा तास बोलायचं, आणि सल्ला द्यायचा नाही. फक्त विचारायचं.

त्यासाठी एक दिवसाचं ट्रेनिंग झालं, पनीरच्या जेवणासकट. पद्धतीचं नाव 'ग्रो': आधी ध्येय, मग वस्तुस्थिती, मग पर्याय, शेवटी 'आता करणार काय'. ती जगभर नेली जॉन व्हिटमोर या इंग्रजाने. हे गृहस्थ मूळचे मोटारशर्यतीतले, १९६५ साली युरोपातलं टूरिंग कारचं अजिंक्यपद पटकावलेले. चाकण चौकात रोज पाऊण तास काढणाऱ्या आम्हाला धीर शिकवायला रेसवालाच मिळावा!

'का' विचारायचं नाही, म्हणे. 'का' म्हटलं की माणूस बचावाला उभा राहतो, 'कशामुळे' म्हणायचं. आणि प्रश्न टाकला की मनात दहा अंक मोजायचे. आमच्या घरात दहा अंकांएवढी शांतता पसरली तर शेजारचे विचारायला येतात.

पहिला आला सीएनसी मशीनवरचा पोरगा. "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतोस?"

"तुम्ही कुठे असाल, सर?"

"इथेच."

"मग दुसरीकडे."

क्वालिटीच्या मॅडम ध्येयं तारखांसकट टाइप करूनच आल्या. सात मिनिटांत त्यांचं आटोपलं आणि उरलेली तेवीस मिनिटं त्यांनी मला माझी विचारली. बाकीच्यांनी 'संवादकौशल्य वाढवणे' लिहून दिलं. त्यांतल्या दोघांनी तर एकमेकांचं बघून.

मग स्टोअरचे मामा. नोकरी एकतीस वर्षांची, निवृत्तीला दीड वर्ष.

"मामा, या वर्षी काय साध्य करायचंय?"

मी मोजायला लागलो. चारला मामांनी टोपी काढली. सहाला परत घातली. आठला म्हणाले, "साहेब, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. तुम्ही बोला."

"पंखा."

"म्हणजे?"

"खिडकीवरचा पंखा बंद आहे. दुसरा उन्हाळा हा."

कंडेन्सर गेला असणार, शंभरभर रुपयांचं काम. सगळं अगदी ओठांवर आलं होतं. जीभ चावली. "कशामुळे बंद आहे?"

"कंडेन्सर गेलाय."

"बरं. पर्याय काय काय आहेत?"

"कंडेन्सर आणणे."

"आणखी?"

मामांनी प्रामाणिकपणे विचार केला. "न आणणे."

"मग आता तुम्ही काय करणार?"

"मी केलंय, साहेब. इंडेंट भरलंय गेल्या दिवाळीत. सही तुमची राहिलीय."

ड्रॉवर उघडला. सर्वांत खाली, मिठाईच्या कूपनांखाली, होतं.

फॉर्ममध्ये ध्येय 'स्मार्ट' हवं होतं. ही अक्षरजोड जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये मांडलेली: नेमकं, मोजता येणारं, मुदतीचं वगैरे. अकरा जणांत त्या चाळणीतून एकच ध्येय जसंच्या तसं उतरलं. पंखा, नग एक, चालू, ३० एप्रिलपर्यंत. 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात एचआरने माझं नाव टाकलं.

सही मी लगेच केली. परचेसने तीन कोटेशनं मागितली. ती आली, तर वस्तूला कोडच नाही म्हणाले. कोड मिळेपर्यंत एका कोटेशनची मुदत संपली.

ऑक्टोबरात सहामाही आढावा. मामा बोलावण्याआधीच येऊन बसले, मानेवरचा घाम पुसत.

"पंख्याचं कुठवर आलं, साहेब?"

मी परचेसची सगळी कहाणी सांगितली. मामांनी मध्ये एक शब्द काढला नाही.

"अडचण नेमकी कशामुळे येतेय?"

'का' म्हणाले नाहीत. मी गप्प. मामाही गप्प. टेबलाखाली नजर गेली, तर त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सावकाश सरकत होता. सातव्या पेरावर माझा धीर सुटला.

"उद्या मीच घेऊन येतो, मामा. माझ्या खिशातून."

मामांनी फॉर्म पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं.

"उद्या किती वाजता?"