नेपाळला जरूर जा, पण आधी अथणीला जाऊन या

आमच्या बेळगावच्या मंडळीतल्या तरुण संघाची नेपाळला जायची तयारी जोरात सुरू आहे. टी-शर्ट छापून झालेत. निधीसाठी दर रविवारी उपासनेनंतर सामोसे आणि केकचं टेबल लागतंय. "आँटी, तुम्ही तिथं राहून आलाय, सांगा की आम्हाला काहीतरी," म्हणून जो तो मला अडवतोय. चर्चच्या पायरीवर उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नाही, म्हणून इथं लिहिते. काहींना आवडणार नाही. चालेल.

आधी तारखांचं बघा. दसऱ्याच्या सुट्टीत जायचं ठरलंय, कारण तेव्हा आपली कॉलेजं बंद असतात. नेपाळात तेव्हा दशैं असतो, त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा सण. लोक काठमांडू सोडून डोंगरातल्या आपापल्या गावी निघतात, बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते, कचेऱ्या बंद, दवाखान्यात जेमतेम माणसं. अशा वेळी गिटार घेऊन अख्खं पथक दारात येऊन उभं राहिलं, तर त्यांचं करायचं कुणी? तिथल्या पाळकांना विचारलंत का, असं मी म्हटलं तर उत्तर आलं, "कळवलंय की."

मी नर्स. शिकले मिरजेत. विल्यम वानलेस हा कॅनडाचा डॉक्टर 1889 मध्ये इकडं आला, 1894 मध्ये त्यानं मिरजेचा दवाखाना उभा केला आणि 1928 मध्ये निवृत्त झाला. आपल्या बेळगावात तर त्याच्याही कितीतरी आधी, 1820 मध्ये, लंडन मिशनचे जोसेफ टेलर बळ्ळारीहून आले. त्या मिशननं 1904 मध्ये इथलं काम अमेरिकन मेथडिस्टांच्या हाती दिलं. म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षं झाल्यावर. ही माणसं काही देवदूत नव्हती. साहेबाच्या राज्याची सावली त्यांच्या डोक्यावर होती आणि त्यातल्या काहींना आपल्या आज्यापणज्यांच्या चालीरीतींची किळस यायची, हे त्यांच्याच कागदपत्रांत दिसतं. पण ती राहिली. मराठी शिकली, कन्नड शिकली, इथल्याच मातीत पुरली गेली. परतीचं तिकीट आधी काढून आलेल्या माणसाला मिशनरी म्हणायची सवय निदान बेळगावच्या ख्रिस्ती लोकांना तरी नसावी.

नेपाळचं तर अजून मजेशीर. 1951 पर्यंत त्या देशाची दारं बाहेरच्यांना जवळजवळ बंदच होती. मसुरीच्या शाळेत शिकवणारे रॉबर्ट फ्लेमिंग तिथं गेले ते पक्षी अभ्यासायला. पुढच्या खेपांना सोबत डॉक्टर मंडळीही होती. ते तानसेन गावात पेशंट बघायला लागले आणि लोकांनीच म्हटलं, इथं दवाखाना काढा. सरकारनं बोलावलं, अटी घातल्या, आणि 1954 मध्ये युनायटेड मिशन टू नेपाळ सुरू झालं. औषधपाणी करा, शाळा चालवा, पण धर्मांतर करायचं नाही, ही अट मान्य करूनच. आणि मंडळ्या उभ्या केल्या कुणी? दार्जिलिंग-कालिम्पोंगकडच्या नेपाळी ख्रिस्ती लोकांनी आणि केरळहून आलेल्या साध्या विश्वासणाऱ्यांनी. गोऱ्यांच्या आधी त्यांची नावं घ्यायला पाहिजेत, पण आपल्या संडे स्कूलमध्ये ती कुणी सांगत नाही.

आता आपल्या पोरांबद्दल. तिथं पोचल्यावर पाट्या देवनागरीत दिसतात, ताटात डाळभात येतो, उष्ट्याचा विटाळ, डाव्या हातानं न देणं, दारात चपला काढणं हे सगळं आपल्यासारखंच. उपासना शनिवारी असते एवढंच पहिल्यांदा विचित्र वाटतं. त्यामुळं दोन दिवसांत प्रत्येकाला वाटायला लागतं की आपल्याला सगळं समजलं. अमेरिकेहून आलेला पोरगा निदान बावचळलेला तरी असतो, विचारून विचारून पाऊल टाकतो. आपला पोरगा सरळ हिंदीत सुरू होतो. भाजीवालीशी हिंदी, पाळकांशी हिंदी, साक्षही (आपल्या विश्वासाचा अनुभव सांगणं) हिंदीत. "त्यांना येते की हिंदी, चालतंय."

हे कोण म्हणतंय? ज्यांच्या घरात पाटीवरच्या कन्नडवरून जेवणं थांबतात, ज्यांचे वडील एक नोव्हेंबरला काळा दिन पाळून फेरीत जातात, त्यांची पोरं! आपल्यावर दुसऱ्याची भाषा लादली की काय वाटतं, हे बेळगावच्या मराठी माणसाला शिकवायला नको. पण नेपाळच्या सीमेवरची सोनौलीची कमान ओलांडली की आपणच मोठ्या शेजाऱ्याची माणसं होतो आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. 2015 मध्ये सीमेवर नाकाबंदी झाली, गॅस आणि पेट्रोल मिळेना, त्याचा राग तिथं अजून आहे आणि तो दिल्लीवर आहे. मी ज्या घरी राहिले तिथल्या दिदीनं थंडीत लाकडं गोळा करून केलेल्या स्वयंपाकाचं सगळं सांगितलं, शांतपणे, माझ्या ताटात भात वाढत. तिला हिंदी उत्तम येत होती. तरी ती नेपाळीतच सांगत होती, अगदी सावकाश, मला कळेपर्यंत.

आरोग्य शिबिराबद्दल तर मला बोलूच द्या, तो माझा धंदा आहे. मंडप टाकायचा, रांग लावायची, बीपी मोजायचं, गोळ्यांची एक पट्टी हातात ठेवायची, फोटो. बीपीची गोळी ही रोज घ्यायची गोष्ट आहे. पट्टी संपल्यावर त्या म्हाताऱ्यानं कुठं जायचं? त्याच्या गावच्या आरोग्य चौकीत तीच गोळी मिळते का, तिथल्या अहेबला (आपल्याकडच्या आरोग्य सेवकासारखं पद) तुम्ही भेटलात का, कागदावर काय दिलं ते लिहिलंत का? हे विचारलं की लोक म्हणतात, सिस्टर फार खुसपटं काढतात. आणि भिंत रंगवायला जाऊ नका, हात जोडते. त्या गावात रंगारी असतो. तुमच्या प्रवासाच्या भाड्यात त्याची कित्येक महिन्यांची मजुरी निघेल.

कायद्याचं गांभीर्यानं घ्या. डिसेंबर 2021 मध्ये आपल्याच बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये भरलेल्या अधिवेशनात कर्नाटक विधानसभेनं धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केलं, तेव्हा आपल्या घराघरांत किती काळजी होती ते आठवा. नेपाळात 2018 पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेत दुसऱ्याचं धर्मांतर करायला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तुम्ही चौकात उभं राहून गाणी म्हणाल, पत्रकं वाटाल, रील टाकाल आणि गाडीत बसाल. पोलीस मग ज्यांच्या घरी जेवलात त्यांच्या दारात जातील. फेसबुकवर तिथल्या माणसांचे चेहरे टाकण्याआधी एवढं डोक्यात असू द्या. पोरांचे तर नकोच.

लूकच्या दहाव्या अध्यायात येशू शिष्यांना पाठवतो, तो भाग संघात कितीदा वाचला असेल. थैली नको, झोळी नको, वहाणा नकोत. ज्या घरात घेतील तिथंच राहा, या घरातून त्या घरात फिरू नका, पुढ्यात वाढतील ते खा. मला यात नेहमी एकच दिसतं: जाणारा रिकाम्या हातानं जातोय आणि देणारं घर तिथलं आहे. आपण नेमकं उलटं करतो. चिवडा, लोणचं, मॅगी, औषधांचे खोके, वाटायचे कपडे असं सगळं बांधून नेतो, म्हणजे तिथल्या कुणाकडून काही घ्यायची वेळच येऊ नये. लोणच्याच्या बरणीवरून माझ्या नणंदेशीही माझं वाजलंय.

म्हणून माझं म्हणणं आहे की आधी अथणीला जा. अथणी, रायबाग, सौंदत्ती, बैलहोंगल, कुठंही, जिथं कन्नडशिवाय पान हलत नाही. मिरजेला असताना अथणी-जमखंडीकडचे पेशंट गाड्या भरभरून यायचे आणि कन्नड न शिकता वॉर्डात काम करणं शक्यच नव्हतं. तुम्ही बेळगावात जन्मलात, वाढलात, आणि स्टँडवर कंडक्टरशी बोलताना अजून मोडक्या हिंदीचा आधार घेता. आपल्याच जिल्ह्यातल्या कन्नड मंडळीत एखादा महिना रविवार काढा. पुढं बसू नका, गिटार घरी ठेवा, तिथल्या बाईनं "ऊट आतेन्री?" (जेवण झालं का?) विचारलं तर नाही म्हणा आणि वाढेल ते खा. काही जण म्हणतील की सीमाप्रश्न सुटला नाही तोवर कन्नड का शिकायची. माझे वडील पक्के महाराष्ट्र एकीकरण समितीवाले होते आणि कन्नड वर्तमानपत्र रोज वाचायचे. त्यांना त्यात काही अडचण आली नाही.

ज्याला हे जमणार नाही, त्याला तिकडं तानसेनच्या, पालपा जिल्ह्यातल्या डोंगरात काय जमणार आहे, मला कळत नाही.

पाळकसाहेबांशी मी बोलले आहे. तारखा पुढं ढकलून तिथल्या लोकांना सोयीच्या विचारायला ते तयार आहेत. अथणीकडच्या एका मंडळीनं पुढच्या महिन्यात बोलावलंय, त्यांच्याकडं तेव्हा भुईमुगाची काढणी असते आणि हात हवेत. ज्यांना यायचंय त्यांनी रविवारी उपासनेनंतर माझ्याकडं नावं द्या. मुली असतील तर राहायची सोय त्यांच्याच घरांत होणार आहे, आयांनी काळजी करू नये.