‘खाऊ नकोस’ म्हणताना कारणही सांगा

गरोदर बाईच्या ताटावर सगळ्यांची नजर असते. शेजारीण, ऑफिसमधली मैत्रीण, लांबच्या नात्यातली मावशी, कुणीही यावं आणि त्या ताटातला एखादा पदार्थ बाजूला काढावा, आणि तिने मुकाट्याने मान डोलवावी. ‘का?’ असं विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं : "उगाच कशाला रिस्क?" माझा सगळा राग या ‘उगाच कशाला’वर आहे.

धोका नसतोच असं मी अजिबात म्हणत नाही. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, तेव्हा अन्नातून पोटात काय काय जाऊ शकतं याची माझी यादी चारचौघांपेक्षा लांबच असेल. (डॉक्टर नाही मी. ज्यांना मधुमेह, थायरॉइड, ॲलर्जी असं काही आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांचंच ऐकावं.) माझी तक्रार यादीच्या मांडणीबद्दल आहे. कच्चं दूध, कॉफी, मोठे समुद्री मासे, कलेजी, अर्धवट उकडलेलं अंडं, सगळं एकाखाली एक, एकाच मापाच्या अक्षरात, सगळ्यांसमोर तीच लाल फुली. वाचणाऱ्या बाईला वाटतं, सगळ्यांची भीती सारखीच. प्रत्यक्षात एकात जंतू असतात आणि ते उकळल्यावर मरतात. दुसऱ्यात विष असतं, ते कितीही शिजवलं तरी जात नाही. तिसऱ्यात प्रश्न फक्त ‘किती’ एवढाच असतो. हे कुणी सांगितलंच नाही तर ती बिचारी एक तर सगळंच सोडून देते, नाहीतर चौथ्या महिन्यात वैतागून सगळंच खायला लागते.

सुरुवात लिस्टेरियापासून करते, कारण मला विचाराल तर यादीतली सगळ्यात गंभीर गोष्ट तीच आहे आणि घरोघरी तिचं नावही कुणी ऐकलेलं नसतं. लिस्टेरिया हा माती, पाणी, जनावरांची विष्ठा यात सापडणारा जिवाणू. तो अन्नातून माणसात येतो हे पक्कं सिद्ध झालं ते १९८१ मध्ये, कॅनडाच्या पूर्वेकडच्या किनारी प्रांतांत आलेल्या साथीमुळे. तिथे ४१ जण आजारी पडले आणि त्यातले ३४ रुग्ण गरोदर बाया किंवा त्यांची बाळं होती. शोध घेत घेत तपास पोचला तो चिरलेल्या कोबीच्या तयार सॅलडपर्यंत. कोबीच्या शेतात मेंढ्यांचं खत घातलेलं होतं, त्या कळपातल्या मेंढ्या लिस्टेरियाने मेल्या होत्या, आणि तो कोबी हिवाळाभर थंड गोदामात ठेवलेला होता.

थंड गोदाम, हीच तर खरी गोम. बहुतेक जंतू थंडीत जागच्या जागी थांबतात. लिस्टेरिया मात्र फ्रिजच्या ४ अंशांतही सावकाश वाढत राहते. म्हणजे ‘फ्रिजमध्ये ठेवलंय, काही होत नाही’ हा आपला भरवसा नेमका हिच्यापुढे लंगडा पडतो. गरोदरपणात पेशींच्या पातळीवरची प्रतिकारशक्ती थोडी नमतं घेते, बाळाला परकं समजून हाकलून लावू नये म्हणून. त्यामुळे हा आजार गरोदर बाईला होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे १० पट असते. आणि आईला वाटतं काय? थोडा ताप, अंगदुखी, कणकण. जिवाणू मात्र वार (प्लासेंटा) ओलांडून बाळापर्यंत जातो आणि गर्भपात, मृत जन्म, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, नवजात बाळाला मेंदूज्वर, इथपर्यंत मजल जाते. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये आजवरची सगळ्यात मोठी साथ आली. हजाराहून जास्त रुग्ण, दोनशेहून जास्त मृत्यू, आणि ४० टक्क्यांहून अधिक रुग्ण एक महिन्याच्या आतली बाळं. कारण निघालं कारखान्यात तयार झालेलं, थंडच खाल्लं जाणारं एक स्वस्त मांस.

एवढं वाचून घाबरायला होईल, म्हणून लगेच दुसरी बाजूही सांगते. हा आजार विरळ आहे, आणि हा जिवाणू उष्णतेपुढे अगदी मवाळ आहे. दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवलं की तो मरतो, पाश्चरायझेशन म्हणतात ते हेच. घरी दूध उकळतो तेव्हा आपण त्याच्याही पुढे गेलेलो असतो. म्हणजे टाळायचं काय, याचं उत्तर पदार्थांच्या नावात नाहीच मुळी. तयार करून थंड ठेवलेलं आणि पुन्हा न तापवता खायचं जे काही असेल ते संशयास्पद : न तापवलेल्या दुधाचं मऊ चीज, पाकिटातल्या मांसाचे थंड काप, कुणीतरी सकाळी चिरून ठेवलेली फळं, तयार सॅलड. तेच मांस वाफा येईपर्यंत तापवलं की प्रश्न मिटला. तेच फळ स्वतः धुऊन, चिरून लगेच खाल्लं की धोका अगदी थोडा उरतो. एवढं एक कारण समजलेल्या बाईला पन्नास नावं पाठ करावी लागत नाहीत. यादीत नसलेला पदार्थ समोर आला तरी तिला आपला निर्णय आपण घेता येतो.

कच्च्या मोडांचंही असंच. ‘पौष्टिक आहे, खा’ म्हणून त्यांचा आग्रह होतो, पण बी मोड यायला जी ऊब आणि ओल मागतं तीच जंतूंनाही हवी असते, आणि जंतू बियाण्यातूनच आलेले असले तर वरून धुऊन उपयोग होत नाही. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलाय या जिवाणूची साथ पसरली, तिच्यात पन्नासहून जास्त माणसं गेली. उपाय सोपा आहे, मोड शिजवून खायचे. ते सोडायची गरज नाही.

टोक्सोप्लाझ्मा या गर्भाला इजा करू शकणाऱ्या परजीवीबद्दल थोडक्यात. कच्चं किंवा आतून लालसर राहिलेलं मांस, माती लागलेली भाजी आणि मांजराची विष्ठा हे तीन रस्ते. मांजर घरातून हाकलायचं नसतं, तिच्या विष्ठेची माती दुसऱ्या कुणीतरी, रोजच्या रोज, साफ करायची असते. नवरोबांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता पारा. इथे मात्र आच कामाची नाही. जपानमधल्या मिनामाता गावात कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा खाडीत गेला, तिथून माशांत आणि माशांतून माणसांत. १९५६ मध्ये या आजाराची अधिकृत नोंद झाली, आणि पुढे जे दिसलं ते फार भयंकर होतं : आईला फारसा त्रास नाही आणि बाळाच्या मेंदूला मात्र गंभीर इजा. माशातला हा पारा (मिथाइल मर्क्युरी) मांसातल्या प्रथिनांना चिकटून असतो. तो शिजवून जात नाही, तळून जात नाही, चरबी काढून टाकली तरी जात नाही. छोट्या माशाला मोठा मासा खातो, त्याला आणखी मोठा, आणि पारा वर वर साठत जातो. म्हणून शार्क, स्वोर्डफिश, मार्लिन, किंग मॅकरेल असे मोठे, खूप वर्षं जगणारे शिकारी मासे गरोदरपणात नकोच.

पण ‘मासेच नकोत’ असं म्हणणाऱ्यांशी माझं खरं भांडण इथे सुरू होतं. अमेरिकेत २००१ मध्ये पाऱ्याबद्दल सरकारी इशारा निघाला आणि गरोदर बायकांनी मासेच कमी केले, ज्यांत पारा नावापुरता असतो तेसुद्धा. तिकडे इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या आसपास १९९१-९२ मध्ये बाळंत झालेल्या हजारो बायकांची आणि त्यांच्या मुलांची माहिती वर्षानुवर्षं गोळा होत होती. २००७ मध्ये त्यातून असं दिसलं की आठवड्याला ३४० ग्रॅमपेक्षा कमी मासे खाणाऱ्या आयांच्या मुलांमध्ये भाषिक बुद्ध्यंक कमी असण्याचं प्रमाण जास्त होतं. असा अभ्यास कारण शंभर टक्के सिद्ध करत नाही, हे मान्य. पण ओमेगा-३, आयोडीन, चांगलं प्रथिन हे सगळं एका भीतीपायी ताटातून गेलं तर त्याचीही किंमत असते आणि ती बाळ मोजतं, हे त्यानंतर दुर्लक्षून चालेना. आता अमेरिकेतला अधिकृत सल्ला कमी पाऱ्याचे मासे आठवड्याला २२५ ते ३४० ग्रॅम खा असा आहे. (जे मासे खातच नाहीत त्यांनी ओढूनताणून सुरू करावेत असं मी म्हणत नाहीये. खाणाऱ्यांनी भीतीने सोडू नयेत, एवढंच.)

‘उगाच कशाला रिस्क’ म्हणणाऱ्याला हेच दिसत नाही. त्याला वाटतं सोडणं फुकट आहे. पहिल्या तीन महिन्यांत जिच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नाही, जिला दिवसभरात दोनच गोष्टी खाववतात, तिच्या त्या दोनांतली एक काढून घेताना आपल्याकडे सज्जड कारण असायला नको का?

‘किती’वाल्या गोष्टींत कलेजी आणि कॉफी येतात. कलेजीत अ जीवनसत्त्व थेट रेटिनॉलच्या रूपात आणि प्रचंड असतं. दिवसाला ३,००० मायक्रोग्रॅम ही वरची मर्यादा बैलाच्या किंवा गाईच्या कलेजीची एक वाटी सहज ओलांडते, आणि अती रेटिनॉलने गर्भात व्यंग निर्माण होऊ शकतं. गाजर, भोपळ्याला घाबरू नका, त्यातल्या बीटा-कॅरोटीनचं शरीर गरजेपुरतंच अ जीवनसत्त्व बनवतं. कॅफिनसाठी ब्रिटन आणि अमेरिकेतले तज्ज्ञ दिवसाला २०० मिलिग्रॅमची रेघ आखतात. म्हणजे साधारण दोन कप इन्स्टंट कॉफी, आणि चहा, कोला, चॉकलेट हेही त्याच हिशेबात धरायचं. शेवटच्या महिन्यांत शरीर कॅफिन फार हळू बाहेर टाकतं, म्हणून ही रेघ गांभीर्याने घ्यावी. पण सकाळच्या एका कपावरून कुणाला अपराधी वाटायला लावू नये. दारूत मात्र अशी रेघच नाही, सुरक्षित म्हणावं असं प्रमाण ठाऊक नाही. तिथे ‘अजिबात नको’ हे उत्तर बरोबर आहे, आणि हे म्हणताना मला कुठलाही राग येत नाही.

याद्या बदलतात, हेही सांगायलाच हवं. १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये सल्ला निघाला की घराण्यात ॲलर्जी असेल तर गरोदर बाईने शेंगदाणे टाळावेत. अकरा वर्षांनी, २००९ मध्ये, तो मागे घेतला, कारण टाळून फायदा होतो याला पुरावाच सापडला नाही. पुढे २०१५ मध्ये तर उलटंच दिसलं : ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना लहानपणीच शेंगदाण्याचे पदार्थ चाटवले तर पुढची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी होते. आता एखादी म्हणेल, मग आजच्या यादीवर तरी विश्वास का ठेवायचा? ठेवायचा, पण कारणासकट. ‘शेंगदाणे नको’चं कारण अंदाज होता. ‘कच्चं दूध नको’चं कारण मेलेली बाळं आहेत. दोन्ही वाक्यांचा सूर एकच असला तरी त्यांचं वजन एक नाही.

आणि यादी जिथली, धोका तिथला. ब्रिटनमध्ये कोंबड्यांना साल्मोनेला या जिवाणूविरुद्धची लस देतात, म्हणून ठरावीक शिक्का असलेलं अंडं गरोदर बाईने कच्चट खाल्लं तरी चालेल असं तिथल्या अन्न मानक संस्थेने २०१७ मध्ये सांगितलं. हे वाचून जिथे अशी व्यवस्था नाही तिथल्या बाईने तेच करू नये, तिने अंडं बलक घट्ट होईपर्यंतच उकडावं. उलटही होतं. ज्या देशांत नळाचं पाणी निर्धोक आहे तिथल्या यादीत पाण्याचा उल्लेखच नसतो. हिपॅटायटिस ई दूषित पाण्यातून पसरतो. एरवी बहुतेकांना तो कावीळ होऊन बरा होतो, पण शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर २० ते २५ टक्के मातांच्या जिवावर बेतू शकतो. जिथे पाण्याची खात्री नाही तिथे उकळलेलं पाणी हे कुठल्याही चीजच्या वर, यादीत पहिल्या ओळीत हवं. मोबाइलवर फिरणाऱ्या चकचकीत तक्त्यांत ते मला क्वचितच दिसतं.

तेव्हा ताटातलं काही काढायला हात पुढे करणाऱ्याला बायांनो, सरळ विचारा : यात जंतू आहे, विष आहे की फक्त जास्त झालं तर त्रास आहे? शिजवून धोका जातो का? आणि हे सोडलं तर त्याच्या जागी काय खाऊ? ज्याला कळकळ असेल तो उत्तर शोधून आणेल. ज्याला नुसता हक्क गाजवायचा असेल तो "आमच्या वेळी…" म्हणून सुरू होईल, त्याला चहा द्यावा आणि विषय बदलावा.

एक शेवटचं, आणि हे जरूर लक्षात ठेवा. लिस्टेरिया पोटात गेल्यावर आजार दिसायला कित्येकदा आठवडे लागतात, कधी दोन महिन्यांहूनही जास्त. म्हणून गरोदरपणात कारण न कळणारा ताप आला, अंग मोडून आलं, तर ‘फ्लू असेल’ म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि गेल्या महिना-दोन महिन्यांत थंड, तयार, न तापवलेलं काही खाल्लं असेल तर आपणहून सांगा. रक्ताच्या तपासणीत लिस्टेरिया सापडते, साध्या पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधांनी उपचार होतात, आणि ते लवकर सुरू झाले तर बाळ वाचू शकतं.